एका बैठकीत अख्खा अल्बम

गावातला सप्ताह उठला की दुसऱ्या दिवशी पारावर जी चर्चा बसते, ती ज्यानं ऐकली आहे त्याला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांचे वाद परके वाटणार नाहीत. यंदाचं काल्याचं कीर्तन सरस की गेल्या वर्षीचं, गायकांनी दुसरी चाल फार वर का धरली, मृदंग पुढं पळाला की टाळकरी मागं राहिले, यावर बीड जिल्ह्यातली माणसं चहाचे दोन-तीन कप रिकामे होईपर्यंत बोलू शकतात. त्यांना तो अधिकार असतो, कारण ती दोन-दोन तास मांडी घालून बसलेली असतात. एकाच अभंगावर दोन तासांचं निरूपण, मध्ये गायकांच्या चाली, पुन्हा निरूपण, पुन्हा त्याच चरणावर येणं, हे ऐकण्याची सवय ज्या कानाला आहे, त्याला वीस मिनिटांचं एक गाणं जड जायचं कारण नाही.

तरीही जड जातं. पुण्याहून किंवा संभाजीनगरहून सुट्टीला आलेला एखादा मित्र ‘यस’, ‘जेनेसिस’, ‘पिंक फ्लॉइड’ अशी नावं सांगतो. आपण मोबाइलवर सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं गाणं लावतो, चौथ्या मिनिटापर्यंत गायक शब्दच उच्चारत नाही, आणि आपण ते बंद करतो. माझं म्हणणं असं की चूक कानाची नसते, दाराची असते. या संगीतात एकटं गाणं उचलून शिरता येत नाही. अख्खा अल्बम, एका बैठकीत, शक्यतो आणखी दोन-चार जणांबरोबर ऐकायचा आणि ऐकून झाल्यावर त्यावर भांडायचं. ते भांडण हीच या संगीताची खरी ओळख. ती कशी करून घ्यायची, ते ‘यस’ हा एकच बँड धरून इथं सांगतो.

आधी थोडं प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली लांब रचना, जॅझमधली सुटी वाटणारी पण काटेकोर लय, चर्चमधला ऑर्गन आणि रॉकची इलेक्ट्रिक गिटार हे सगळं त्यांनी एकत्र आणलं. त्यांपैकीच एक बँड म्हणजे ‘किंग क्रिमसन’, त्याचा पहिला अल्बम १९६९चा. त्या काळी गाणी एलपी तबकडीवर यायची आणि तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. या संगीतातल्या अनेक मोठ्या रचना अठरा ते तेवीस मिनिटांच्या आहेत त्याचं एक कारण हे. एक बाजू म्हणजे एक रचना. ती संपली की उठून तबकडी उलटायची. मोबाइलवर आज हा थांबा दिसत नाही, पण संगीत त्या थांब्याच्या हिशेबानं बांधलेलं आहे. म्हणून पहिली बाजू संपते तिथं दोन मिनिटं थांबा, पाणी प्या आणि मग पुढचं लावा.

ज्यांना इंग्रजी गाण्यांची मुळीच सवय नाही, त्यांनी उंबरठा म्हणून मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडचा ‘फिरदौस’ हा २०१३चा अल्बम घ्यावा. गाणी हिंदीत आहेत, त्यामुळं शब्दांसाठी अडायला होत नाही. ‘माया’, ‘मुक्ती’, ‘रहने दो’ ही त्यातली काही गाणी. या अल्बमची एक गंमत चाहत्यांच्या वादासाठीच केल्यासारखी आहे. सगळी गाणी मिळून एक कथा होते, पण गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून दिलेला आहे. खरा क्रम कोणता, हे श्रोत्यानं शोधायचं. चार मित्रांनी आपापला क्रम कागदावर लिहावा, कागद झाकून ठेवावेत आणि मग एकेकानं सांगावं की अमुक गाण्यानंतर तमुकच का यायला हवं. अल्बम ही गाण्यांची पिशवी नसून ती एक बांधलेली गोष्ट असते, हे या एका खेळातून जितकं चटकन कळतं तितकं दहा लेख वाचून कळणार नाही. बंगळूरूचा ‘अगम’ कर्नाटक संगीत आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांची सांगड घालतो, तोही जाता जाता ऐकावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यायचं असेल तर ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या बँडपासून सुरुवात करा. तो प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे, पण संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमच्या साथीनं ऐकले की या वाद्यांचा धाक उरत नाही.

आता ‘यस’. १९६८ मध्ये लंडनमध्ये हा बँड जमला. गायक जॉन अँडरसन आणि बेस गिटार वाजवणारा क्रिस स्क्वायर हे त्याचे दोन खांब. पुष्कळ जण नेमानं पहिल्या अल्बमपासून, म्हणजे १९६९पासून, क्रमानं ऐकायला बसतात. तसं करू नका. पहिले दोन अल्बम चाचपडणारे आहेत. गिटारवादक स्टीव्ह हाव १९७०मध्ये आला, पेटीचा सगळा संसार सांभाळणारा रिक वेकमन १९७१मध्ये आला, आणि ड्रमवर बिल ब्रुफर्ड होताच. या पाच जणांचा पहिला अल्बम ‘फ्रॅजाइल’, १९७१ अखेरचा. तिथूनच सुरू करा.

‘फ्रॅजाइल’ नवख्या श्रोत्यासाठी इतका सोयीचा का, ते सांगतो. त्यात नऊ तुकडे आहेत. चार सगळ्या बँडचे आणि उरलेले पाच एकेका सदस्याचे. वेकमननं ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीचा एक भाग एकट्यानं वेगवेगळ्या की-बोर्डवर वाजवला आहे. अँडरसननं स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत. ब्रुफर्डचा तुकडा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. स्क्वायरचा ‘द फिश’ जवळपास सगळाच्या सगळा बेस गिटारच्या थरांवर उभा आहे. हावचा ‘मूड फॉर अ डे’ नुसत्या गिटारवर. म्हणजे पाचही जण स्वतःच आपली ओळख करून देतात. पाच मित्र बसले असाल तर प्रत्येकानं एक-एक वाद्य वाटून घ्या. ज्याच्याकडं बेस आला त्यानं सगळा अल्बम फक्त बेसच्या मागं लागून ऐकायचा, बाकीच्याकडं लक्ष गेलं तरी परत बेसवर यायचं. कीर्तनात मृदंगावर हात बसलेला माणूस गायकाचे शब्द ऐकत नाही, तो ठेक्याचा माग ठेवतो. तसंच. अल्बम संपल्यावर प्रत्येकानं आपल्या वाद्याची एक जागा सांगायची, मिनिट आणि सेकंदासह, आणि ती सगळ्यांना पुन्हा वाजवून दाखवायची.

हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो. जागा दाखवल्याशिवाय मत नाही. ‘स्क्वायरचा बेस भारी आहे राव’ म्हणून कुणी थांबला तर त्याला विचारा, कुठं? तो ‘फ्रॅजाइल’वरच्या ‘राउंडअबाउट’मधली जागा लावून दाखवेल, तिथं बेस नुसता मागून साथ करत नाही, तर पिकनं छेडलेला, धारदार, गिटारच्या खांद्याला खांदा लावून चालतो. आता वादाला पाय आले. दुसरा म्हणेल, त्याच जागी ब्रुफर्डचा ड्रम ऐक, कसा कोरडा आणि टणत्कार करणारा वाजतो, सगळी ऐट त्याची आहे. दोघंही पुन्हा ऐकतील. चर्चेतलं हे ‘पुन्हा ऐकणं’ हाच फायद्याचा भाग. ज्या चर्चेत कुणी काही परत लावत नाही, नुसती दहापैकी गुणांची यादी करतं, तिच्यातून कुणालाच नवं संगीत सापडत नाही.

ऐकण्याआधी मोबाइलमध्ये काही गोष्टी नीट करून घ्या, कारण या संगीताचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. गाणी उलटसुलट क्रमानं लावण्याची सोय, म्हणजे शफल, बंद करा. एक गाणं विरत असताना दुसरं चढवण्याची सोय असेल तर तीही बंद करा. ‘फ्रॅजाइल’मध्ये ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’ थेट ‘द फिश’मध्ये शिरतं, तिथं अॅपनं स्वतःची कात्री लावता कामा नये. जाहिराती येणारी फुकट सेवा असेल तर अठरा मिनिटांच्या रचनेची चव जाते, म्हणून कुणाकडं तरी पैसे भरलेलं खातं असेल तर त्याच्या मोबाइलवर आधीच्या रात्री अल्बम उतरवून ठेवा. वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही अशा ठिकाणी हे केलेलं बरं. इक्वलायझरमधला बेस वाढवणारा खटका बंद ठेवा, नाहीतर स्क्वायर आणि ब्रुफर्ड एकमेकांत कालवून जातील. मोबाइलच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर तर हे ऐकूच नका. डाव्या-उजव्या बाजूंची वाटणी त्यात नाहीशी होते. दोन साधे संगणकाचे स्पीकर, मध्ये चार-पाच फुटांचं अंतर, समोर सतरंजी, एवढं पुरतं. एकट्यानं ऐकायचं तर वायरचा इअरफोन उत्तम. मात्र इअरफोन लावून मोटारसायकल चालवू नका, मांजरसुंब्याच्या घाटात तर अजिबात नको.

आणि गाण्याची लांबी आवर्जून पाहा. ‘राउंडअबाउट’ मूळ अल्बमवर साडेआठ मिनिटांचं आहे. रेडिओसाठी त्याची काटछाट करून साडेतीन मिनिटांच्या आसपासची आवृत्ती काढली होती. ती ऐकून मत बनवू नका. तसंच जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांना शेपूट म्हणून जादा गाणी जोडलेली असतात. ‘यस’चाच पुढचा अल्बम ‘क्लोज टु द एज’ अॅपमध्ये सात-आठ गाण्यांचा दिसला तरी तो तीनच रचनांचा आहे. त्यातली शेवटची, ‘सायबेरियन खत्रू’, संपली की थांबायचं.

त्या अल्बमकडंच आता येतो. दुसऱ्या बैठकीला ‘क्लोज टु द एज’, १९७२. पूर्ण अल्बम अडतीस मिनिटांच्या आतला. बीडहून गेवराईला चारचाकीनं जाईपर्यंत होतो, पण तसा ऐकू नका, बसून ऐका. पहिली बाजू म्हणजे शीर्षकाची रचना, अठरा मिनिटं आणि वर काही सेकंद. हेर्मान हेस यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीची सावली तिच्यावर आहे. नदीकाठी बसून नदीचं ऐकत शहाणा होणारा माणूस हा त्या कादंबरीचा गाभा, म्हणून रचनेच्या सुरुवातीला पाण्याचा आणि पाखरांचा आवाज आहे आणि शेवटीही तोच. साधारण एका मिनिटानं सगळी वाद्यं अंगावर येतात. पहिल्यांदा ऐकताना हा भाग गोंधळासारखा वाटतो. वाटू द्या. त्या गर्दीत अधूनमधून सगळे एकदम थांबतात आणि फक्त आवाजांचा एक स्वर उरतो. ते थांबे मोजा, म्हणजे गोंधळात रचना दिसू लागते. शब्द जवळपास चौथ्या मिनिटाला येतात. साडेआठव्या मिनिटाच्या सुमारास सगळं संथ होतं, बाराव्या मिनिटानंतर वेकमनचा चर्च-ऑर्गन सुरू होतो. हा आवाज लंडनमधल्या सेंट जाईल्स क्रिपलगेट चर्चमधल्या खऱ्या ऑर्गनचा आहे. मग पुन्हा सुरुवातीची धून, पण आता ती पोचलेल्या माणसासारखी वाजते.

इंग्रजी कळत नाही म्हणून अडखळणाऱ्यांना इथं एक दिलासा आहे. अँडरसनचे शब्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही उलगडत नाहीत. तो अर्थाइतकाच, किंबहुना आधी, शब्दांच्या नादाकडं पाहतो. पहिल्या तीन वेळा शब्दांचा कागद समोर घेऊच नका. चौथ्यांदा घ्या.

तालाचा विषय निघाला की आपल्याकडचा पखवाजी किंवा तबलजी या टोळीत असावाच, असं मला वाटतं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मात्रांचा हिशेब अनेकदा चारच्या पटीत राहत नाही आणि नेमकी इथंच नवख्याची बैठक मोडते. मोजण्याचा सराव करायला ‘यस’पेक्षा पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सोपं. ते ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३च्या अल्बमवर आहे. सुरुवातीला नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज येतात तेच सात मात्रांत बसवलेले आहेत. तबलजी लगेच रूपकाची तीन-दोन-दोन अशी टाळी धरून पाहील. खंड थोडे वेगळे पडतील, पण सात सातच. पुढं गिटारचा लांब तुकडा सुरू होतो तेव्हा ठेका चारवर जातो आणि तो संपल्यावर परत सातवर येतो. ही दोन वळणं ज्याला टाळीनं पकडता आली त्याला ‘सायबेरियन खत्रू’ किंवा ‘फ्रॅजाइल’वरचं ‘हार्ट ऑफ द सनराइज’ पुन्हा ऐकताना पायाखाली जमीन असल्यासारखं वाटेल. पिंक फ्लॉइडचा एकेकाळचा सदस्य रॉजर वॉटर्स २००७च्या फेब्रुवारीत मुंबईत आला तेव्हा त्यानं हा अल्बम अख्खा वाजवला होता.

आता वादाकडं, म्हणजे खऱ्या वादाकडं. ‘यस’च्या चाहत्यांत पन्नास वर्षं एकच प्रश्न सगळ्यात जास्त पेटतो आणि तो आपल्या अंगणातला आहे. ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा अल्बम थोर की फुगवलेला?

त्याची जन्मकथा अशी. १९७३च्या मार्चमध्ये ब्रुफर्डच्या लग्नात जॉन अँडरसनची गाठ किंग क्रिमसनच्या जेमी म्यूर या तालवादकाशी पडली. म्यूरनं त्याला परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला सांगितलं. हे पुस्तक १९४६चं, मराठीत ते ‘योगी कथामृत’ या नावानं घरोघरी पोचलेलं आहे. ‘यस’च्या जपान दौऱ्यात टोकियोच्या हॉटेलात वाचत असताना अँडरसन एका तळटीपेवर थबकला. तिथं शास्त्रांचे चार प्रकार सांगितले होते: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. त्या एका तळटीपेवर त्यानं आणि हावनं चार बाजूंचा, म्हणजे दोन तबकड्यांचा अल्बम उभा केला. प्रत्येक बाजूला एक रचना, एकूण ऐंशी मिनिटांच्या वर. १९७३च्या डिसेंबरात तो इंग्लंडमध्ये आला आणि तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

पण बँडमध्येच फूट पडली. वेकमनला हे पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं: जे जमलं होतं ते एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होतं, म्हणून भर घालावी लागली. दौऱ्यात मँचेस्टरला त्याच्यासाठी वाजवायला फारसं काही नव्हतं तेव्हा त्यानं मंचावरच कढीभात नव्हे, चक्क मागवलेली करी खाल्ली, हा किस्सा तो स्वतःच सांगतो. दौरा संपल्यावर १९७४मध्ये त्यानं बँड सोडला.

आता या वादात बीडच्या श्रोत्याकडं एक वेगळं हत्यार आहे आणि एक खड्डाही. खड्डा असा की श्रुती-स्मृती ही नावं वाचून आपण त्यात तानपुरा, राग शोधायला लागतो. ते तिथं नाही. अँडरसननं शास्त्रं अभ्यासली नव्हती, त्यानं एक तळटीप वाचली होती. तेव्हा ‘यात खरं भारतीय काय?’ हा वाद पाच मिनिटांत आटोपता घ्या. हत्यार असं की लांब पल्ल्याची रचना केव्हा भरीव असते आणि केव्हा वेळ काढत असते, हे आपल्या लोकांना ऐकून कळतं. कीर्तनकार दृष्टांतावर दृष्टांत लावत जातो आणि मूळ चरणावर परत येत नाही, तेव्हा मंडपातली मागची रांग आधी हलते. हीच कसोटी ‘टेल्स’ला लावा. चारही बाजू एकाच रात्री लावू नका. एका बैठकीला एकच बाजू. प्रत्येकानं ऐकताना दोन गोष्टी टिपाव्यात: मूळ धून कुठं-कुठं परत आली, आणि कुठं आपलं लक्ष सुटलं. चौघांचं लक्ष एकाच जागी सुटलं असेल तर वेकमन बरोबर होता म्हणा.

माझं मत विचाराल तर पहिली आणि चौथी बाजू पूर्ण उभ्या आहेत. चौथीत बेस आणि तालवाद्यांचा जो दीर्घ भाग येतो तो संबळ आणि हलगी ऐकत वाढलेल्या कानाला पहिल्याच खेपेला धरतो. तिसरी बाजू अवघड आहे, पण तिच्या शेवटी हावची साधी गिटार आणि अँडरसनचा आवाज एवढंच उरतं आणि तेवढ्यासाठी ती ऐकावी. दुसऱ्या बाजूबद्दल मी वेकमनच्या बाजूनं आहे. तुमची बैठक मला खोटं ठरवू शकते, आणि ठरवलं तर मला आनंदच होईल. एक मात्र सांगतो, भारताशी नातं आहे म्हणून ‘टेल्स’पासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टु द एज’ मुरल्याशिवाय तिकडं जाऊ नका.

त्या दोन अल्बमच्या आणि ‘टेल्स’च्या मधे ‘गोइंग फॉर द वन’ ऐका, १९७७. वेकमन परतला होता, बँड स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोला ध्वनिमुद्रण करत होता. त्यातलं ‘अवेकन’ पंधरा मिनिटांचं. त्यातला ऑर्गन जवळच्या व्हेव्हे गावातल्या चर्चमध्ये वाजवला जात होता आणि स्टुडिओत तो टेलिफोनच्या तारेवरून आणला होता. ‘यस’चं सर्वोत्तम काय, यावर ‘क्लोज टु द एज’ विरुद्ध ‘अवेकन’ असा सामना बहुतेक ठिकाणी होतो. माझं पारडं रोज बदलतं, म्हणून इथं न्याय देत नाही.

ज्यांना तापट वाद हवेत त्यांच्यासाठी ‘ड्रामा’ आहे, १९८०. त्यात अँडरसन नाही आणि वेकमनही नाही. त्यांच्या जागी ‘बगल्स’ या पॉप जोडीतले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले. गायकच नाही तर तो ‘यस’ कसा? यावर चाहते आजही दोन फळ्यांत आहेत. ‘मशीन मसाया’ लावा आणि बेसकडं लक्ष द्या. स्क्वायरनं अख्खा अल्बम खांद्यावर उचललेला ऐकू येतो. मला तो ‘यस’चाच अल्बम वाटतो. १९८३चा ‘९०१२५’ मात्र वेगळीच वस्तू आहे. त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चांगलं पॉप आहे, नाचायला उत्तम. प्रोग्रेसिव्ह रॉकची चर्चा त्यावर फार वेळ खर्चू नये.

एक नवा वाद जुन्या चाहत्यांत अलीकडं शिरला आहे, त्याची माहिती असावी. इंग्लंडच्या स्टीव्हन विल्सननं २०१३पासून ‘यस’चे सत्तरीतले अल्बम मूळ फितींवरून पुन्हा मिसळले. वाद्यं अधिक सुटी, स्वच्छ ऐकू येतात. विल्सन स्वतः ‘पॉर्क्युपाइन ट्री’ या बँडचा सूत्रधार, २०१६मध्ये पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला. एका पक्षाला त्याचं काम म्हणजे जुन्या चित्रावरची धूळ पुसणं वाटतं, दुसऱ्याला ती धूळच चित्राचा भाग वाटते. नवख्यानं आधी मूळ मिश्रण ऐकावं, महिनाभरानं विल्सनचं. वाद्यांची वाटणी करून ऐकणाऱ्या टोळीला मात्र विल्सनची आवृत्ती फार कामी येते, कारण आपलं वाद्य त्यात लवकर सापडतं.

अशी टोळी जमवायची कुठून? अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या वसतिगृहांत महाराष्ट्रभरची मुलं-मुली राहतात. त्यांच्यात गिटार बाळगणारं एक तरी असतं आणि त्याला विचारणारं कुणी नसतं. बीड शहरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांत हेच. पण नुसते गिटारवाले गोळा करू नका. अंबाजोगाईला दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गायन ऐकायला जी मंडळी येतात, त्यांच्यातले एक-दोघं बोलवा. भजनी मंडळातला पेटीवाला बोलवा. त्याला हॅमंड ऑर्गन, मूग, मेलोट्रॉन या की-बोर्ड वाद्यांच्या आवाजातला फरक आठवड्याभरात कळेल. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या आवाजाची काही सेकंदांची फीत असते, हे सांगितलं की तो त्या वाद्याच्या प्रेमातच पडेल. बैठक महिन्यातून एकदा ठेवा. तीन-चार माणसं पुरेत, दहाच्या वर नकोत. अल्बम चालू असताना बोलणं बंद, मोबाइल उलटे. चहा मध्यंतरात, म्हणजे बाजू बदलताना. घरात लहान मुलं, परीक्षेचा अभ्यास, शेजारचं आजारपण असेल तर आवाजाचं भान ठेवा आणि रात्री दहाच्या आत उठा.

ज्याचं मत वेगळं आहे त्याला ‘तुला कळत नाही’ म्हणू नका. हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढच्या महिन्यात दोन माणसं कमी येतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी बोलू द्या. ज्यानं तो अल्बम पन्नास वेळा ऐकला आहे त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं. जाणत्यानं आधी मत दिलं की नवखा त्याच्याच मताला मान डोलावतो आणि बैठकीला त्याचा ताजा कान मिळत नाही.

‘यस’चे चार-पाच अल्बम झाले की पुढं कुठं जायचं, यासाठी यादी शोधू नका, माणसाचा माग काढा. ब्रुफर्डनं ‘क्लोज टु द एज’ पूर्ण करून १९७२मध्ये ‘यस’ सोडला आणि तो किंग क्रिमसनमध्ये गेला. यश पायाशी असताना का गेला, हा तुमच्या बैठकीचा पुढचा विषय होऊ शकतो. त्याचं उत्तर ‘लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक’ या १९७३च्या अल्बममध्ये ऐकू येतं. त्याच्या जोडीला तालवाद्यांवर आहे तो जेमी म्यूर, ज्यानं अँडरसनला योगानंदांचं पुस्तक सुचवलं. दोन तालवादक आणि व्हायोलिन, म्हणून या वेळी वाद्यांची वाटणी नव्याने करा आणि पखवाजीला म्यूरच्या मागं सोडा. एक सूचना तेवढी लक्षात ठेवा. पहिली रचना अगदी बारीक आवाजात सुरू होते आणि काही मिनिटं तशीच राहते. स्पीकर बिघडला समजून कुणीतरी आवाज वाढवायला उठेल. त्याला बसवा, कारण पुढं गिटार एकदम पूर्ण ताकदीनं येते.